मुले मोजली, महिने कोणी मोजले?

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. बाजारपेठ म्हणून या शहराची जी भरभराट होती तिची ती आठवण. आणि आज पोलादाच्या भट्ट्या व बियाण्यांच्या कंपन्या यांचा अभिमान सांगतानाही ती हमखास उच्चारली जाते. परंतु या सोन्याच्या पाळण्याच्या जिल्ह्यात खराखुरा पाळणा केव्हा आणि किती दिवसांनी हलावा, हे ठरविण्याचा अधिकार तो हलविणारीच्या हाती कितपत आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतील तालुके वेगळे काढून जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतरच्या चार दशकांहून अधिक काळात येथील मागासलेपणावर, अनुशेषावर आणि दुष्काळावर पुष्कळ बोलले गेले. आम्हीही त्यात मागे नव्हतो. मात्र मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतील एखाद्या तांड्यावर वा वस्तीवर विशी ओलांडण्यापूर्वी दोन मुलांची आई झालेल्या, निस्तेज चेहऱ्याच्या मुलीकडे पाहून हाही अनुशेषाचाच भाग आहे असे आपल्यापैकी कितीजणांना वाटले?

बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म असतो, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या पुनर्जन्माची शरीराला काय किंमत द्यावी लागते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. एका गरोदरपणात गर्भ, वार, वाढलेले रक्त आणि प्रसूतीतील रक्तस्राव या सर्वांसाठी मिळून सुमारे एक हजार मिलिग्रॅम लोह लागते. चांगला आहार मिळणाऱ्या स्त्रीच्या शरीरातसुद्धा एवढा साठा शिल्लक नसतो. मग ज्वारी-बाजरीची भाकर, पातळ वरण आणि दिवसातून चार वेळा कोरा चहा यांवर राबणाऱ्या बाईची गोष्टच नको. धान्यातील लोह अंगी लागते थोडे, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा त्यातलेही कमी करतो. त्यानंतर स्तनपान येते. त्यासाठी लागणारे कॅल्शियम आहारातून मिळाले नाही तर शरीर ते हाडांतून काढते आणि अंगावरचे दूध सुटल्यानंतर हळूहळू परत भरून घेते. फोलेटचा साठाही प्रसूतीनंतर कित्येक महिने रिकामाच असतो. थोडक्यात, बाळ जन्माला आले म्हणजे बाळंतपण संपले असे नव्हे. आईच्या शरीराचा हिशेब चुकता होण्यास त्यापुढे दोन वर्षे तरी लागतात. तो चुकता होण्याआधीच दुसरा गर्भ राहिला तर नवे देणे जुन्या थकबाकीवर चढते. सावकारी कर्जाचा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांना हे गणित अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जून २००५ मध्ये जिनिव्हा येथे तज्ज्ञांची बैठक बोलावून याविषयीचा पुरावा तपासला. बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्यापूर्वी निदान २४ महिने जाऊ द्यावेत, म्हणजे दोन जन्मांत सुमारे ३३ महिन्यांचे अंतर पडावे, आणि गर्भपातानंतर निदान सहा महिने थांबावे, अशी शिफारस त्या बैठकीतून पुढे आली. आपल्या सरकारी कार्यक्रमात हेच ‘दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर’ म्हणून सांगितले जाते. तत्पूर्वी, २००० साली, लॅटिन अमेरिकेतील साडेचार लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बाळंतपणानंतर सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस गेलेल्या स्त्रियांत मातामृत्यूचा धोका, दीड ते दोन वर्षांचे अंतर राखलेल्यांच्या तुलनेत, अडीच पट आढळला. शेवटच्या तिमाहीत रक्तस्राव होणे, मुदतीपूर्वी पाणमोट फुटणे, बाळंतपणानंतर गर्भाशयाला संसर्ग होणे आणि पंडुरोग हे सारे अशा स्त्रियांत अधिक होते. पाच वर्षांहून अधिक अंतर पडलेल्यांत गरोदरपणातील वाढता रक्तदाब आणि झटके यांचे प्रमाण वाढलेले दिसले, हेही येथे नमूद केले पाहिजे. मागचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले असेल तर लवकर राहिलेल्या गर्भामुळे जुन्या टाक्यांच्या जागी गर्भाशय फाटण्याचा धोका वाढतो. खासगी दवाखान्यांत पोट फाडून होणारी बाळंतपणे ज्या वेगाने वाढत आहेत, तो पाहता ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. ज्या बायकांना लागोपाठ मुले होतात त्या बहुधा गरीब, अल्पवयीन व अर्धपोटी असतात. मग दोष अंतराचा की दारिद्र्याचा? २०१४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एकाच मातेच्या निरनिराळ्या बाळंतपणांची परस्परांशी तुलना केली, तेव्हा अपुऱ्या दिवसांचे मूल होण्याशी अंतराचा संबंध पूर्वी समजला जात होता त्याहून पुष्कळच क्षीण असल्याचे दिसून आले. हा वाद आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष आमच्या मते असा आहे की, भरपूर खाणाऱ्या आणि रुग्णालय हाकेच्या अंतरावर असणाऱ्या स्त्रीचे शरीर लहान अंतर कसेबसे पेलते. जिच्या रक्तातच पाणी आहे तिला ते पेलत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना पंडुरोग आहे. दर दोघींपैकी एकीहून अधिक! बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्तीची टक्केवारी छापल्याशिवाय ते बाजारात न आणणाऱ्या शहराच्या जिल्ह्यात, घरोघरच्या बायकांच्या रक्तातील हिमोग्लोबिन किती हे मात्र त्या गरोदर राहीपर्यंत कोणी पाहत नाही.

महाराष्ट्राचा मातामृत्यूदर २०१८–२० मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतका खाली आला, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. देशाचा त्याच काळातील दर ९७ होता. परंतु जी मेली नाही ती निरोगी आहे, असा अर्थ या आकड्यातून काढणे चुकीचे ठरेल. कायमची कंबरदुखी, अंग बाहेर येणे, धाप लागणे आणि चक्कर येऊन शेतात बसणे यांची नोंद कोणत्याच दराच्या रकान्यात होत नाही.

आता हे अंतर ठरते कोठे? डॉक्टरच्या खोलीत खचितच नव्हे. पहिली गोष्ट लग्नाच्या वयाची. त्याच पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के निघाले, आणि परभणी, बीड, जालना या जिल्ह्यांत ते सरासरीच्या बरेच वर आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी सासरी गेलेली मुलगी नवऱ्याला ‘थांबा’ म्हणू शकत नाही. सासूला तर नाहीच नाही. वर्षाच्या आत कूस उजवली नाही तर कुजबुज सुरू होते आणि पहिली मुलगी झाली तर मुलासाठी घाई होते. या घाईला कोणत्याही आरोग्य केंद्रात औषध नाही.

जुन्या रीतींना नावे ठेवण्याची आमची सवय. पण येथे एका रीतीच्या बाजूने बोलावेसे वाटते. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना खोलीबाहेर काम नाही, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आणि त्यापुढेही काही महिने माहेरचा मुक्काम या व्यवस्थेने कळत-नकळत बाईला विसावा आणि लोह दोन्ही दिले. ज्यांच्या माहेरीच चूल पेटण्याची पंचाईत, त्यांच्या वाट्याला ही रीत कधी आलीच नाही, आणि जेथे आली तेथेही ती आता आखडत चालली आहे. तीच गोष्ट स्तनपानाची. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, ते केवळ अंगावर पीत असेल आणि आईची पाळी परत आलेली नसेल, तर गर्भ राहण्याची शक्यता अत्यल्प असते. निसर्गाने दिलेले हे संरक्षण बाळ दिवसरात्र आईजवळ असेल तरच टिकते. भल्या पहाटे बाळाला आजीजवळ वा खोपीत मोठ्या बहिणीच्या ओटीत ठेवून फडात उतरणाऱ्या बाईला ते संरक्षण लाभावे कसे?

फडाचा उल्लेख आला, तेव्हा जरा थांबले पाहिजे. कारण या जिल्ह्यात आमच्या प्रश्नाची खरी गाठ तेथेच बसली आहे. मराठवाड्यातील दुष्काळी तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. तेथे मजुरीचे एकक माणूस नसतो. नवरा-बायकोची जोडी असते आणि तिला ‘कोयता’ म्हणतात. उचल जोडीच्या नावाने घेतली जाते. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता, आणि त्याला मुकादमाकडे किंमत नाही. मुलींची लग्ने घाईने उरकण्यामागे मुलीला एकटी गावात ठेवण्याची भीती जशी आहे, तशीच कोयता पुरा करण्याची ही गरजही आहे. बाई गरोदर असली तरी मोळी उचलते, ओली बाळंतीण असली तरी फडात उतरते. कारण एक दिवस चुकला तर ‘खाडा’ लागतो आणि त्याची रक्कम उचलीत वाढत जाते. सहा महिने घरापासून दूर असलेल्या या बाईला तिच्या गावची आशाताई भेटत नाही आणि कारखान्याच्या गावची आशाताई तिला आपली मानत नाही. गोळ्या संपल्या तर आणायच्या कोठून, आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन चुकले तर विचारायचे कोणाला? शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला; नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी सुमारे १३ हजार ८०० जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत पस्तिशी-चाळिशीच्या आतल्याही होत्या. लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणे, अंगावर काढलेला संसर्ग, न थांबणारा रक्तस्राव आणि अखेरीस ‘पिशवीच काढून टाका’ हा सल्ला, अशी ही साखळी आहे. बाळंतपणांतील अंतराचा प्रश्न त्या साखळीच्या पहिल्या कड्यांपैकी एक आहे.

या साऱ्यात शासनाने काय केले? शासनाने मुले मोजली. आणीबाणीत, १९७६–७७ या एका वर्षात, देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानेच संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. आणीबाणी उठल्यानंतर पुरुषांचा रोष सरकारला परवडणारा नव्हता. तेव्हा कार्यक्रमाचा सारा भार मुकाट्याने स्त्रियांच्या अंगावर सरकवण्यात आला, कारण त्यांच्या रोषाची किंमत कोणाला मोजावी लागत नव्हती. आज महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण शंभरात एकही भरत नाही. शस्त्रक्रिया मुले थांबवते. ती मुलांमध्ये अंतर पाडीत नाही. बहुतेक घरांतला क्रम असा असतो: लग्न, वर्षभरात पहिले मूल, त्यावर दीड-दोन वर्षांत दुसरे, मग ‘ऑपरेशन’. मुले दोनच झाली, सरकार संतुष्ट. परंतु ती दोन बाळंतपणे आईच्या अंगावरून कशी गेली, याचे सोयरसुतक कोणास नाही. ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला दोनच मुले असावीत असा नियम राज्याने केला; त्या मुलांत किती अंतर होते हे विचारण्याचे कारण कायद्याला पडत नाही. केंद्राने २०१२ मध्ये आशा कार्यकर्त्यांसाठी आखलेल्या मोबदल्यात तीन वर्षांचे अंतर राखल्याबद्दल पाचशे रुपये आणि दोन मुलांवर कायमची शस्त्रक्रिया झाल्यास हजार रुपये ठेवले. महत्त्व कशाला, ते या दरपत्रकावरून उघड होते.

शासनाला दोष देणे सोपे आहे. पण आमच्या चळवळीचे काय? लोकसंख्या हेच दारिद्र्याचे कारण, या सिद्धांताला डाव्यांनी नेहमीच विरोध केला आणि तो रास्तच होता. जमीन, पाणी आणि मजुरी यांचे प्रश्न पाळण्याच्या पडद्याआड लपविण्याचा तो डाव होता. परंतु त्या विरोधाच्या भरात कुटुंबनियोजन हा विषयच परका ठरवून आम्ही मोकळे झालो. सरकारने मुले मोजली, आम्ही सरकारचे आकडे खोडून काढले. दोन बाळंतपणांतील महिने दोघांपैकी कोणीच मोजले नाहीत.

वस्तुतः आपल्याच भूमीत याहून वेगळी परंपरा होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. त्यांच्यावरील १९३४ च्या खटल्यात वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या साधनांसाठीचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला, तो बाबासाहेबांनी सिद्ध केलेला होता. ठरावाच्या बाजूने अवघी ११ मते पडली. मजुरांच्या पक्षाने, मजुरांच्या प्रश्नांच्या जोडीला, स्त्रीच्या शरीराचा हा प्रश्न कायदेमंडळात नेला, हे आम्हाला विशेष महत्त्वाचे वाटते. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि तो वाद येथवर पोहोचलाही नसेल. पण आज तेवढी सबबही आपल्यापाशी नाही.

आठ तासांच्या दिवसासाठी कामगार लढला, कारण श्रमानंतर शरीराला विश्रांती लागते हे त्याने मालकाकडून मान्य करून घेतले. शेतकऱ्यालाही सलग कापूस घेतला की जमीन खंगते, फेरपालट करावी लागते, हे ठाऊक असते. (स्त्रीला शेताची उपमा देण्याची खोड जुनी आणि वाईट आहे, येथे ती केवळ एवढ्यासाठी की, जी दया आपण जमिनीला दाखवतो तीही तिच्या वाट्यास येत नाही.) बाळंतपणांतील अंतर ही त्याच जातीची मागणी आहे. तिला उपदेशाच्या नव्हे, हक्काच्या भाषेत मांडले पाहिजे.

मग मागायचे काय? साधनांची वानवा आता पूर्वीसारखी नाही. तांबी आहे, ती बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसविता येते. २०१७ पासून ‘अंतरा’ हे तिमाही इंजेक्शन आणि ‘छाया’ ही पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे एकदा घ्यायची गोळी सरकारी केंद्रांतून मोफत देण्यास प्रारंभ झाला. छायेतील औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाले. पण साधन असणे आणि बाईला निवड असणे या भिन्न गोष्टी आहेत. तांबीने पाळीचा रक्तस्राव वाढू शकतो. जिच्या अंगात रक्तच नाही आणि जिला फडात आडोसा नाही तिला हे आधी सांगितले पाहिजे. इंजेक्शनाने पाळी अनियमित होते वा थांबते. हे न सांगितल्यामुळे बायका घाबरतात आणि दुसरी सुई घ्यायला येत नाहीत. बाळंतिणीला न विचारता, कळांच्या गडबडीत अंगठा घेऊन तांबी बसविणे हा आणीबाणीचाच सौम्य अवतार होय. तसे कोठे होत असेल तर आमच्या कार्यकर्त्यांनी त्याला विरोध केलाच पाहिजे. लोहाच्या गोळ्या गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस द्यावयाच्या आहेत. पहिल्या हप्त्याची आठवण सर्वांना असते. दुसरा बहुधा गावापर्यंत येतच नाही. त्याची चौकशी करण्यासाठी कोणत्याही ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही.

अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला; २०१७ च्या मातृवंदना योजनेने तो पहिल्या अपत्यापुरता पाच हजारांवर आणला आणि २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तरच सहा हजार देऊ केले. नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, याचा आम्हाला आनंद आहे. कोयत्यावरील बाईला २६ दिवसही मिळत नाहीत. साखर कारखाना तिला आपली कामगार मानीत नाही, मुकादम तिला नवऱ्याच्या कोयत्याचा अर्धा भाग मानतो. तिची नोंद तिच्या नावाने व्हावी, बाळंतपणाच्या काळातील खाडा कारखान्याने सोसावा आणि फडाच्या गावी तिला औषध व सल्ला मिळावा, या मागण्या ऊसतोड मजुरांच्या दरवाढीच्या मागणीपत्रात तळटीप म्हणून नव्हे, दराच्या बरोबरीने आल्या पाहिजेत.

याच सीमेवर, पैठण तालुक्यातील पाचोड येथे, एका ग्रामीण आरोग्य संस्थेने अविवाहित मुलींसाठी वर्षभराचे शिक्षणवर्ग चालविले आणि त्या गावांत लग्नाचे मध्यम वय सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष! कोणाला ते क्षुल्लक वाटेल. पण त्या एका वर्षाने पहिले बाळंतपण तेवढेच पुढे जाते.

आणि पुरुषांचे काय, हेही एकदा आपल्याच बैठकीत विचारून पाहावे. पुरुषाची नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी, कमी धोक्याची. तरीही आपल्या किती पुरुष कार्यकर्त्यांनी ती करून घेतली? निरोधाची पेटी आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर असते. ती भरलेली आहे की रिकामी, हे आपल्यापैकी कोणी उघडून पाहिले आहे?

यंदाही दसऱ्यानंतर गाड्या भरू लागतील. मुकादमांच्या याद्या त्यापूर्वीच तयार होतात. त्यांत कोयत्यांची संख्या असते आणि उचलीचा आकडा असतो. आशाताईंच्या वहीत प्रत्येक बाळंतपणाचा महिना असतो. ही वही गावाबरोबर मागे न राहता, बाईच्या संमतीने, ती जेथे जाईल तेथल्या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचावी, आणि त्या कामासाठी आशाताईंना वेगळा मोबदला मिळावा, अशी मागणी जिल्हा परिषदेपुढे आणि साखर आयुक्तांपुढे गाड्या निघण्याआधी ठेवावयास हवी.